गॅलरीतली सोलं

आमच्या साडूंनी माइकवरून सांगितल्याशिवाय रत्नागिरीत काही घडतच नसे. निदान त्यांची तशी समजूत होती, आणि त्यांचा आवाज ऐकल्यावर तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. सारी नोकरी बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा लोकांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि माइक ठेवून घेतला. त्यानंतर ते घरातच "आंघोळीचं पाणी न्हाणीकडे रवाना होत आहे" असं ओरडत फिरू लागले. शेवटी मेहुणीने त्यांना हाताला धरून स्टेडियमवर नेलं आणि क्रिकेटचे सामने भरवणाऱ्या मंडळाला सांगितलं, "ह्यांना कायतरी बोलायला द्या हो, नायतर मी माहेरी जाते." मंडळाने माइक दिला.

स्टँडवरची सवय जिभेवरून गेली नव्हती. चेंडू सीमेकडे निघाला की "चेंडू हातखंबामार्गे रवाना झालेला आहे" अशी घोषणा व्हायची. दुसऱ्या टोकाला मारलेला फटका नेहमी गणपतीपुळ्याला जायचा. फलंदाज बाद झाला की, "यांचा प्रवास येथे संपलेला आहे, उतरताना आपलं सामान तपासून घ्यावं." पाहुण्या संघाच्या एका फलंदाजाने खरोखर थांबून ग्लोव्हज मोजले होते. कबड्डीतही तेच. चढाई करणारा उशिरा परतला तर ते प्रेक्षकांची गैरसोयीबद्दल माफी मागत.

त्यांचं एक व्रत होतं. "दिसतं ते सांगायचं, नाय दिसत ते सांगायचं नाय. न आलेली गाडी आली म्हणून कधी बोललो काय मी?" हे व्रत लोकांना फार जड जाई. पोटदुखीचं कारण सांगून कचेरीतून निघालेले एक साहेब गॅलरीत मिसळ खाताना त्यांना दिसले. सबंध मैदानाला ते कळलं, तर्रीसकट. मंडळाचे अध्यक्ष भाषणं चालू असताना घोरले, तर साडूंनी त्यांच्या तोंडाजवळ माइक नेला आणि म्हणाले, "ऐका."

आता त्या स्टेडियमविषयी. त्याच्या पाटीवर 'बहुउद्देशीय' असं लिहिलं होतं आणि आम्ही रत्नागिरीकरांनी ते मनावर घेतलं होतं. तिथे सामने होत, सभा होत, सर्कस येई, हेलिकॉप्टर उतरे, आणि मे महिन्यात गॅलरीच्या तापलेल्या सिमेंटच्या पायऱ्यांवर सबंध आळीचं वाळवण पडे. वरच्या पायरीवर पापड, मधे फणसपोळी, खाली सोलं. सोलं म्हणजे कोकमं, रातांब्याच्या साली. त्यांच्याच रसात मिठाबरोबर बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या. हा रस अंगाला लागला की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. कावळ्यांवर नजर साडूंचीच. फलंदाजी ऐन रंगात असताना मधेच आवाज येई, "काळ्या पोशाखातील प्रवाशाने फणसपोळीवरून खाली उतरावं."

एका वर्षी अंतिम सामन्याला एक पुढारी प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते. दुपारपर्यंत वाळवण उचला, असा मंडळाने निरोप फिरवला. सगळ्यांनी उचललं. मी जेवून जरा आडवा झालो. जाग आली तेव्हा बायको उशाशी उभी. "घोरताय काय! आपली सोलं तिथंच आहेत!" मी धावत पायऱ्या चढतो तोच वरून घोषणा झाली, "प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकात शिरलेली आहे." सकाळीच बुडवून घातलेली सोलं चांगली रसरसलेली होती. उचलायला वेळ नव्हता. शेजारी मंडपवाल्याची लाल सतरंजी पडली होती, ती मी वरून ओढली आणि साळसूदपणे बाजूला सरकलो.

पाहुण्यांसाठी सोफा मांडला होता. पाहुणे सोफ्याकडे बघून हसले. "मी जनतेत बसणार," म्हणाले, आणि पांढऱ्याशुभ्र विजारीनिशी थेट माझ्या सतरंजीवर बसले. माणूस वजनदार होता. सामना संपेपर्यंत हलला नाही.

बक्षिसं वाटायला ते उठले आणि लोकांकडे पाठ करून चालू लागले. विजार मागून लालभडक. मग कर्ण्यातून आवाज आला, "प्रमुख पाहुणे उठलेले आहेत. त्यांना मागील बाजूस गंभीर दुखापत झालेली आहे. प्रेक्षकांत डॉक्टर असल्यास त्यांनी ताबडतोब पाहुण्यांच्या मागे यावं." एक डॉक्टर धावले, ते दातांचे होते. बँडवाल्यांना वाटलं समारंभ सुरू झाला, त्यांनी वाजवायला घेतलं.

पाहुणे गेल्यावर अध्यक्षांनी सतरंजी उचलली. "सोलं कुणाची?" सगळे साडूंकडे बघू लागले. साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी वाकून चप्पल शोधत होतो. ती पायातच होती.

"घरातलीच हो," साडू म्हणाले.

सोलं त्यांच्या नावावर लागली आणि त्याच संध्याकाळी माइक गेला. मी गप्प राहिलो. आज-उद्या करता करता बरीच वर्षं गप्प राहिलो. साडू मात्र प्रत्येक सामन्याला येत, सर्वांत वरच्या पायरीवर बसत. चेंडू सीमेकडे गेला की त्यांचे ओठ हलत, आवाज येत नसे. मेहुणी म्हणे, "घरात पण बोलत नाहीत हो आता. पाणी गपचूप तापतं."

या मे महिन्यात मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि एका दमात म्हणालो, "ती सोलं माझी होती."

त्यांनी मैदानावरची नजर काढली नाही. "माहीत आहे, अण्णा. सतरंजी ओढताना बघितलं तुम्हाला वरून."

"मग बोलला नाहीत? दिसतं ते सांगायचं ना?"

"माइक बंद होता तेव्हा."

त्यांचा माइक बंद असलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

तसाच उठून मंडळाच्या तंबूत गेलो. अध्यक्ष नवे, कार्यकर्ते नवे. त्यांच्यापुढे मी सगळा गुन्हा साग्रसंगीत कबूल केला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. "कुठले पाहुणे, आजोबा?" एक म्हणाला. इतकी वर्षं मी ज्याच्या ओझ्याखाली वाकलो होतो, ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. "पण बोलायला माणूस हवाच आहे," दुसरा म्हणाला. "आमचा आज लग्नाला गेलाय."

साडू माइकपुढे उभे राहिले, मी गॅलरीत परत येऊन बसलो. बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मला ते बघवेना. हळूच निघून जावं म्हणून मी पायरीवरून उठलो, तोच कर्णा बोलला. आवाज बसला होता, पण तोच होता.

"आमचे अण्णा गॅलरीतून उठलेले आहेत. त्यांच्या मागे काहीही लागलेलं नाही. सर्वांनी नोंद घ्यावी."

सबंध गॅलरी वळून माझ्या मागे बघू लागली. तरी मी हात मागे नेऊन विजार चाचपली. कोरडी होती. मग पुन्हा खाली बसलो, आणि शेवटचा फलंदाज सामानासकट रवाना होईपर्यंत ऐकत राहिलो.