पोफळगडचा चोपदार, मुक्काम लालबाग

लग्नाच्या हॉलमध्ये नवरानवरी आत शिरताना एक माणूस भरजरी अंगरखा घालून, हातात दंड घेऊन पुढे चालतो आणि "आस्ते कदऽम" असं ओरडतो. त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही. फोटोवाला तर त्याला कोपरानं बाजूला सारतो. परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात गेली बारा वर्षं बाजूला सारला जाणारा हा माणूस म्हणजे गुणाजी धुरी. वय सहासष्ट. आधी गिरणीत, संपानंतर शिवडीच्या गोदामात, मग एका बिल्डिंगचा वॉचमन, आणि आता जगदीश डेकोरेटरच्या कार्डावर छापल्याप्रमाणे 'शाही एन्ट्री स्पेशालिस्ट'. गिरणीची चाळ पाडून जो टॉवर उभा राहिला, त्याच्या सतराव्या मजल्यावर तो बायको सुभद्रेसोबत राहतो.

बाकीचे शाही एन्ट्रीवाले भाड्याचे कपडे चढवून ओरडायला शिकलेले. गुणाजी मात्र अस्सल माल. त्याचा आजा सोमा धुरी पोफळगड संस्थानचा चोपदार होता आणि पणजाही चोपदारच. दरबारात पाहुणा आला की त्याच्या नावाचा पुकारा करायचा, अधिपती चालू लागले की पुढे राहून वाट मोकळी करायची आणि दरबाराआधी गालिचा अंथरायचा, एवढं काम. पण ते रुबाबात करायचं.

पोफळगड हे नाव ऐकून लगेच छाती फुगवायचं कारण नाही. सात गावं आणि एक नदी, तीही पावसाळ्यापुरती. इंग्रजांनी संस्थानिकांना तोफांच्या सलाम्या वाटून दिल्या होत्या, कोणाला एकवीस, कोणाला अकरा, कोणाला नऊ. पोफळगडच्या वाट्याला एकही नव्हती. अधिपती आबासाहेबांना हे फार लागलं. त्यांनी स्वतःच एक तोफ पैदा केली आणि आपल्या वाढदिवसाला उडवली. आठवड्याभरात संस्थानांवर नजर ठेवणाऱ्या इंग्रज पोलिटिकल एजंटाचं पत्र आलं, की हा काय प्रकार आहे. पुढे त्या तोफेवर वाड्यातल्या बायका कुरडया वाळत घालू लागल्या. आपल्याला राजा म्हणावं म्हणून आबासाहेबांनी एकोणीस अर्ज केले, पण गोरा शेवटपर्यंत 'चीफ' एवढंच लिहीत राहिला. घरच्या रयतेपुढे मात्र आबासाहेब वाघ. ते रस्त्यानं निघाले की माणसं चपला हातात घेत.

आता गालिच्याची गोष्ट. एजंट भेटीला आला की अधिपतीनं गादीवरून उठून गालिच्याच्या काठापर्यंत जायचं आणि तिथं हात मिळवायचा, असा कायदा होता. पोफळगडचा गालिचा अकरा पावलांचा. म्हणजे आबासाहेबांनी त्या लालतोंड्यासाठी भर दरबारात अकरा पावलं चालायचं, आणि तो काठाशी आरामात उभा. एक्केचाळीस साली थंडीत एजंट यायचा होता, तेव्हा आबासाहेबांच्या डोक्यात कल्पना आली. काठापर्यंत जायचं असं कायदा सांगतो, पण काठ कुठं असावा ते कुठं लिहिलंय? त्यांनी सोमाला हुकूम दिला आणि गालिचा गादीमागे दुमडून घेतला. पुढे उरली तीन पावलं. एजंटाला आठ पावलं उघड्या फरशीवर चालत यावं लागलं आणि दुखऱ्या पायानं तो चाललाही. आबासाहेबांना त्या दिवशी आपण इंग्रजी राज्य खालसा केल्यासारखं वाटलं असेल.

पंधरा दिवसांत खुलाशाची मागणी आली. आबासाहेबांचं राज्य खालसा व्हायची वेळ आली, तेव्हा त्यांनी खुलासा पाठवला. चोपदार प्यायलेला होता, म्हणाले. सोमाला काढून टाकलं. दंडाची चांदीची मूठ उपटून जामदारखान्यात जमा केली आणि नुसतं शिसवी लाकूड त्याच्या हातात दिलं. ते लाकूड घेऊन सोमा बोटीनं मुंबईला आला आणि गिरणीत लागला. धुरींच्या घराण्यात पिणारे कमी नव्हते. गुणाजीचा बाप तर पगाराच्या दिवशी घरी यायचा तो दोघांच्या खांद्यावरून. पण आजा माळकरी होता. सुपारीसुद्धा खात नसे. मरेपर्यंत त्याला एकच गोष्ट खात राहिली. काम गेल्याचं त्याला फार वाटलं नाही, आपण प्यायलो असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं याचं वाटलं. दंड त्यानं नातवाला दिला. गुणाजीनं रे रोडच्या भंगारवाल्याकडून जुन्या पलंगाची पितळी मूठ आणून वर बसवली.

तर एक दिवस जगदीशनं फोन केला. "गुणाजीकाका, लग्न नाही हां, पुस्तक आहे. दादरला प्रकाशन. पार्टी गिरगावची, कोणत्या तरी पोफळगडचे महाराज."

गुणाजी स्टुलावर बसून पंखा पुसत होता. तो खाली उतरला आणि पलंगावर बसला.

महाराज म्हणजे हेरंबराव पोफळगडकर, आबासाहेबांचे नातू. आयुष्य विमा कंपनीत काढलं, मुगभाटात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. निवृत्त झाल्यापासून नावाआधी 'श्रीमंत' लावायला लागले होते, तेही सोसायटीच्या नोटिशीवर सही करताना. सहा वर्षं फोर्टातल्या सरकारी दफ्तरखान्यात जुने कागद चाळून त्यांनी संस्थानचा इतिहास लिहिला होता. गुणाजी आपण कोण हे न सांगता त्यांच्याकडे गेला. हेरंबरावांनी बिरुदं पाठ करायला पुस्तकाची छापील पानं हातात ठेवली आणि म्हणाले, "जरा नमुना ऐकवा बघू."

गुणाजीनं दंड आपटून पुकारा केला. खिडकीची तावदानं थरथरली. आतल्या खोलीतून एक म्हातारा बायकी आवाज आला, "सोमा आला का रे?"

"आत्या आहेत आमच्या. ललिताआत्या," हेरंबराव म्हणाले. "नव्वदच्या आहेत. त्यांना हल्ली काही उमगत नाही. तुम्ही बोला."

गुणाजीच्या अंगावर काटा आला होता. तो हातातली पानं चाळू लागला. 'दरबारी शिस्त' या प्रकरणात, पान एकशे बेचाळीसवर त्याला सापडलं. 'चोपदार सोमा धुरी याने मद्याच्या धुंदीत गालिचा दुमडून ठेवल्याने दरबाराची बेअदबी झाली. चोपदारास बडतर्फ करण्यात आले.'

त्यानं दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाला, "साहेब, ही ओळ काढा. हा माझा आजा. तो प्यायचा नाही. गालिचा तुमच्या आजोबांनी दुमडायला लावला होता."

हेरंबराव दचकले, पण सावरले. विम्याचे दावे नाकारण्यात तीस वर्षं गेलेली. "हे पाहा धुरी, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण इतिहास भावनेवर चालत नाही, कागदावर चालतो. एजंटाला गेलेल्या खुलाशाची नक्कल आहे माझ्याकडे, सहीशिक्क्यासकट. तुमच्याकडे काय आहे?"

गुणाजीकडे पलंगाची मूठ लावलेलं लाकूड होतं.

"शिवाय पुस्तक छापून झालंय," हेरंबराव म्हणाले. "गालिचा मात्र त्या दिवशी व्यवस्थित हवा. अकरा पावलं, मोजून. पाहुणे काठाशी थांबतील, मी तिथवर चालत जाईन. अगदी आजोबांसारखं."

घरी सुभद्रा ऐकून भडकली. "पुस्तकां आजकाल वाचता कोण? रद्दीत जाताली ती. पण तुमी त्यांच्यापुढे ओरडूक जाव नका. काय लाज आसा की नाय?"

"जातलंय," गुणाजी म्हणाला. का, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. राग एवढा होता की घरी बसणं शक्यच नव्हतं.

प्रकाशनाच्या दिवशी हॉलमध्ये दीडशे माणसं होती. त्यातली निम्मी हेरंबरावांच्या सोसायटीची, उरलेली बटाटेवड्यांच्या वासानं आलेली. जगदीशनं लग्नातली लाल मखमली खुर्ची स्टेजखाली मधोमध मांडली होती. ललिताआत्यांना चाकाच्या खुर्चीतून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. प्रमुख पाहुणे एक निवृत्त सचिव होते, गुडघ्याला पट्टा बांधलेले. गुणाजीनं खुर्चीपासून दारापर्यंत लाल गालिचा अंथरला, मोजून अकरा पावलं. आत्यांसकट मंडळी चहाला बाहेर गेली आणि तो त्या गालिच्याकडे बघत एकटा उभा राहिला. ओरडून सगळ्यांना सांगावं की दंड टाकून निघून जावं, हे त्याचं ठरत नव्हतं. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं, खाली वाकला आणि गालिचा ओढून मखमली खुर्चीखाली दुमडून टाकला. पुढे उरली तीन पावलं.

हेरंबराव बाजूच्या दारानं आले. डोक्यावर फेटा, कॉलरला माइक, कमरेला तलवार, तीही जगदीशचीच. फेटा सावरण्याच्या नादात त्यांनी खाली पाहिलं नाही. ते बसले. दारात सचिव उभे राहिले. गुणाजीनं दंड आपटला आणि असा पुकारा केला की वडेवाला बाहेरून डोकावून गेला. हेरंबराव ऐटीत उठले. एक पाऊल, दोन, तीन, आणि गालिचा संपला.

समोर आठ पावलं उघडी लादी. पलीकडे सचिव, यजमान येतील म्हणून थांबलेले. अलीकडे हेरंबराव, कारण काठापलीकडे पाऊल टाकू नये असं त्यांच्याच पुस्तकात लिहिलेलं. दोघं एकमेकांकडे बघत उभे. हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं.

हेरंबराव गुणाजीकडे झुकून दात चावत बोलले, "गालिचा दुमडलास? प्यायलायस का रे तू?"

माइक चालू होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

गुणाजीनं मान वर केली. "नाही श्रीमंत. आजाही प्यायला नव्हता."

"हा माणूस..." हेरंबरावांनी लोकांकडे वळून सुरुवात केली.

"आबांनीच दुमडला होता."

पहिल्या रांगेतून आवाज आला होता. ललिताआत्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या. डोळ्यांनी फारसं दिसत नसलं तरी गालिचा कुठं संपतो ते त्यांना बरोबर दिसलं होतं.

"आत्या, नंतर बोलू," हेरंबराव म्हणाले.

"नंतर म्हणजे कधी? नव्वदची आहे मी." हॉल हसला, पण त्या हसल्या नाहीत. "दुमडलेला गालिचा गादीमागे फुगत होता. तो दबून राहावा म्हणून मला वर बसवलं होतं. सात वर्षांची होते. हलायचं नाही, असं आबा म्हणाले. मी हलले नाही. आणि कोणाला सांगायचं नाही म्हणून एजंटासाठी आणलेला विलायती बिस्किटांचा डबा मला दिला. अख्खा डबा."

"पण आत्या, कागद..."

"कागद आबांनी लिहवून घेतला. गालिच्यावर मी होते." त्यांचा आवाज चिरकला. "सोमा मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवायचा. तो गेला त्या दिवशी मी माडीवर बिस्किटं खात होते. तो डबा अजून आहे घरी. सुईदोरा ठेवते त्यात. तू सहा वर्षं फोर्टात जाऊन बसलास हेरंब, मला एकदा तरी विचारायचंस."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सचिव गुडघा सांभाळत आठ पावलं स्वतःच चालत आले आणि जवळच्या खुर्चीत टेकले. हेरंबराव फेटा काढून हातात घेऊन उभे राहिले. त्या क्षणी ते पहिल्यांदाच बरे दिसले.

"तू सोमाचा कोण?" आत्यांनी विचारलं.

"नातू," गुणाजी म्हणाला.

"मग पुकार की. खोळंबलेत सगळे."

बारा वर्षांत गुणाजीचा आवाज कधी बसला नव्हता, तो तेव्हा बसला. डोळे भरून आले आणि भरजरी बाहीला ते पुसताही येईनात, जरतार टोचत होती. शेवटी जगदीशनं मोबाईलवर सनई लावली आणि वेळ मारून नेली.

पुढच्या आठवड्यात गुणाजीच्या घरी पार्सल आलं. आत पुस्तक होतं आणि पान एकशे बेचाळीसवर डिंकानं चिकटवलेली छापील चिठ्ठी. तीनशेच्या तीनशे प्रतींत ती चिकटवली होती, आत्यांनी सांगितलेल्या शब्दांत आणि त्यांच्या देखरेखीखाली. हेरंबरावांची बोटं दोन दिवस चिकट होती म्हणे.

गुणाजी पुस्तक घेऊन सतराव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये गेला. दंड आपटला. शेजारची दारं उघडली. मग त्यानं दरबारी आवाजात चिठ्ठीचा पुकारा केला.

"शुद्धिपत्र! पान एकशे बेचाळीस! 'चोपदार सोमा धुरी याने मद्याच्या धुंदीत' याऐवजी, 'श्रीमंत आबासाहेब यांनी पूर्ण शुद्धीत', असे वाचावे!"

सुभद्रा दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं आणि चिठ्ठीप्रमाणे सुधारून एकेक शब्द लावत वाचलं. "श्रीमंत आबासाहेब यांनी पूर्ण शुद्धीत गालिचा दुमडून ठेवल्याने दरबाराची बेअदबी झाली. चोपदारास बडतर्फ करण्यात आले."

ती थांबली. "फुडचा वाक्य तसाच ठेवल्यानी? ता नाय बदलल्यानी?"

"ता कशाक बदलतले?" गुणाजी म्हणाला. "ता खराच आसा."