आठ ओके आणि एक हात

इंजिन सुरू होतं आणि चौघंजण माझ्या तोंडाकडे बघत होते.

तंजावरजवळच्या पापनाशमच्या पुढे, भातशेतातल्या एका पंपशेडमध्ये आम्ही उभे होतो. इंजिन एका जुन्या डिझेल गाडीचं. गाडी केव्हाच भंगारात गेली होती. इंजिन मात्र शेताचे मालक सेल्वराज यांनी सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलं आणि त्यावर पाण्याचा पंप चालवला. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. आता त्यांना शेतासाठी वीज मिळाली होती, म्हणून इंजिन विकायचं होतं.

घेणारे गोपीनाथ राव. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत राहतात, आमच्यासारखेच घरी मराठी बोलतात. कॉलेजात शिकवून निवृत्त झाले. वडिलांची गाडी ते आमच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा उभी करत होते. अशा गाडीला आम्ही प्रोजेक्ट कार म्हणतो. म्हणजे ती कधी पूर्ण होणार, हे कुणी विचारायचं नसतं. याआधी राव यांनी स्वतः पसंत करून एक इंजिन आणलं होतं. ते तिसऱ्या दिवशी जाम झालं. त्यानंतर त्यांच्या पत्नी वर्कशॉपमध्ये आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आणखी एक इंजिन. तेही गेलं, तर गाडी भंगारात."

म्हणून या वेळी राव यांच्याबरोबर मला पाठवलं. मी तिथली इंजिनिअर. फॉर्मवर सही माझी.

फॉर्मवर आठ चाचण्या असतात. त्यातली मुख्य कॉम्प्रेशन टेस्ट. सिलिंडरमध्ये हवा किती घट्ट दाबली जाते, ते त्यात मोजतात. ती कुठून निसटत असेल, तर इंजिन आतून झिजलेलं. इथे चारही सिलिंडर जवळपास सारखे आले. तेल ठीक. धूर ठीक. इंजिनवर कोरलेला नंबर दसऱ्याच्या आयुधपूजेत लावलेल्या चंदनाखाली गेला होता. तो मी ओल्या फडक्याने हळूच पुसला, कारण सेल्वराज यांची बायको वळरमती अक्का बघत होत्या. नंबर कागदांशी जुळला.

मी मोहन सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन लावला.

"आठही ओके, सर."

"मग घे ना. फोन कशाला केलास?"

"असंच, सर." मी फोन ठेवला.

राव इंजिनाशेजारी डोळे मिटून उभे होते. "काय आवाज आहे गे! तविल वाजल्यासारखा!"

तविल हा आमच्याकडचा देवळातला ढोल. लग्नात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच असतो.

"पाप्पा," सेल्वराज तमिळमध्ये म्हणाले, "मुलगी बघायला येणारेसुद्धा एवढा वेळ लावत नाहीत. सोज्जी-बज्जी खातात आणि हो म्हणतात."

पाप्पा म्हणजे छोटी मुलगी. मी सत्तावीस वर्षांची आहे. सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, खाणारे लोक आमच्या घरी नुकतेच दोनदा येऊन गेले होते.

इंजिन न्यायला बरोबर आणलेला टेम्पोवाला दोर सोडायला लागला.

मला खटकत होतं ते असं. फॉर्म भरताना मी इंजिनाच्या पुढच्या बाजूला हात टेकला होता. तिथे ते कोमट होतं. मग नंबर लिहून घ्यायला मागे गेले, तिथे हात टेकला आणि लगेच काढला. गाडीत रेडिएटर असतो, त्याच त्याच स्वच्छ पाण्याने इंजिन गार राहतं. इथे रेडिएटर नव्हता. पंपाने उपसलेलं कालव्याचं पाणी एका पाइपने पुढून आत जात होतं आणि वरून बाहेर पडत होतं. पाणी आत मागपर्यंत पोचतच नसावं. पण हे फॉर्मवर कुठे लिहायचं, त्याची जागा नव्हती. आणि चौघांसमोर मोठ्याने बोलणं मला जमत नाही.

"अहो राव, जरा इथे हात ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी पुढे हात ठेवला. "छान आहे."

"आता इथे."

त्यांनी मागे, चौथ्या सिलिंडरपाशी हात ठेवला. "अय्यय्यो!"

एवढ्याने सगळ्यांना कळलं. मग मी सेल्वराज यांना म्हटलं, "इंजिन बंद करून एक कोअर प्लग काढायला द्याल का?" कोअर प्लग म्हणजे इंजिनाच्या अंगात ठोकून बसवलेलं, नाण्यासारखं पत्र्याचं झाकण. त्याच्या मागून पाणी वाहतं.

"कशाला? आत कावेरीचं पाणी जातं. कावेरीच्या पाण्यात कसली घाण?"

"काढ गं," वळरमती अक्का म्हणाल्या. "या इंजिनाने माझा एक कान नेला. आत काय आहे, ते मलाही बघू दे."

इंजिन निवेपर्यंत थांबलो. अक्कांनी ताक दिलं. मग मी मागचा प्लग काढला. पाणी आलं नाही. आत गाळ होता, काळा आणि गुळगुळीत, कुंभाराने मळून ठेवल्यासारखा. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

राव चौथऱ्यावरच बसले. "रविवारी गाडी दारात आणतो म्हणून घरी सांगून बसलोय गे मी. घ्यायचं की नाही?"

सगळे पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. चौथ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांइतकंच होतं. म्हणजे आत अजून काही बिघडलं नव्हतं. पंपावर ते एकाच वेगाने चालायचं, म्हणून तगलं. रस्त्यावर कुंभकोणमच्या आधीच जाम झालं असतं.

"घ्यायचं," मी म्हटलं. "पण या रविवारी बसवायचं नाही."

सेल्वराज यांनी भाव थोडा उतरवला. मी गाळ उकरून बाजूला टाकत होते, तर त्यांनी घमेलं पुढे केलं. "यात टाक. इंजिन विकलंय, माती नाही." अक्कांनी ते नेऊन केळीच्या बुंध्याशी ओतलं.

वर्कशॉपमध्ये मोहन सर म्हणाले, "आठ ओके असताना नववं कुठून काढलंस?" कस्टमरला तारीख त्यांनी दिली होती. मी म्हटलं, "सही माझी आहे, सर." हे मी बऱ्याच हळू म्हटलं असावं, कारण त्यांनी "काय?" विचारलं. मला ते परत म्हणावं लागलं.

इंजिन उघडलं, त्याचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडा, केमिकलच्या गरम टाकीत ठेवून धुतला, तडा नाही ना ते तपासलं. पाच आठवडे गेले. नंतर आरटीओत नवा इंजिन नंबर नोंदवला आणि गाडी राव यांच्या दारात गेली. त्यांच्या पत्नी आत बसल्या, राजवाड्याला एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "आवाज फार आहे." गाडी भंगारात मात्र गेली नाही.

चाचणी विचारलं तेवढंच सांगते. म्हणून आमच्या फॉर्मवर आता नववी ओळ आहे: 'हात, पुढे आणि मागे.' सर म्हणाले, प्रत्येक चाचणीपुढे एकक लागतं, याचं काय लिहायचं? मी सुचवलं, 'अय्यय्यो.' ते हसले नाहीत. छापून आणलं.