अवसेचा कोहळा आणि पहाऱ्यावरची गाडी

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांचं वाटोळं व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. सकाळचा चहा झालेला आहे, डोकं शांत आहे आणि तरीही इच्छा तीच आहे.

नल्लकुंट्यातली आमची इमारत जुनी, तीन मजली. मी पुण्याचा, नोकरीसाठी हैदराबादला आलो आणि राहिलो. बायको आता भाजीवाल्याशी तेलुगूत भांडते. मी अजून दख्खनी हिंदीत माघार घेतो. तिसऱ्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर हे गृहस्थ. सरकारी नोकरीतून निवृत्त, आवाज मधाळ, कपाळावर ठसठशीत कुंकू. इमारतीत सगळे त्यांना मानतात. मीही मानत होतो, इलेक्ट्रिक गाडी घेईपर्यंत.

गाडी चार्ज करायला मोठ्या पिनचं सॉकेट लागतं आणि ते आमच्याकडे एकाच ठिकाणी होतं, फाटकाजवळ, वॉचमनच्या खोलीच्या भिंतीवर. म्हणून सोसायटीने फाटकाजवळची जागा मला दिली. वर कडुलिंबाची सावली, बाहेर काढायला सोपी, इमारतीतली सर्वांत उत्तम जागा. गाडी पांढरी शुभ्र. पहिले काही दिवस मी फोन आला की कारण नसताना खाली जाऊन गाडीला टेकून बोलत असे.

मग अवस आली.

खालचे गृहस्थ दर अवसेला तिन्हीसांजेला फाटकाशी कोहळा फोडतात. वर कापूर पेटवायचा, तीनदा ओवाळायचा आणि रस्त्यावर आपटायचा. आत कुंकू, हळद आणि चुना भरलेला असतो, त्यामुळे खून झाल्यासारखा लाल सडा पडतो. आपण दृष्ट म्हणतो, ते दिष्टी म्हणतात. इमारतीची दिष्टी जावी म्हणून ते हे वर्षानुवर्षं करत आले आहेत आणि मलाही ते बरं वाटायचं, कारण श्रम त्यांचे आणि फायदा सगळ्यांचा.

त्या अवसेला मी ऑफिसातून आलो... गाडी आदल्या दिवसापासून घरीच होती, मी मेट्रोने गेलो होतो... तर पांढऱ्या दारावर लाल शिंतोडे, बंपरवर गर आणि आरशाला चिकटलेली एक बी. धुतलं, घासलं, पॉलिश केलं. चुन्यातलं कुंकू ते. दारावर एक गुलाबी डाग राहिलाच, गाडी लाजल्यासारखी दिसायला लागली.

मी खाली जाऊन त्यांना विचारलं, जरा चढ्या आवाजातच. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की कोहळा त्यांनी रस्त्याच्या मध्यावर फोडला होता, शिंतोडे इतक्या लांब येणं शक्य नाही, दुसऱ्या कुणाचा तरी रंग असेल. एवढ्यावर थांबले असते तरी मी विसरलो असतो. पण त्याच आठवड्यात त्यांनी सोसायटीकडे अर्ज दिला. फाटकाजवळची गाडी येण्याजाण्याला अडचण करते, तिची जागा बदलावी. निकाल पुढच्या अवसेनंतरच्या रविवारी, बैठकीत.

आता प्रश्न डागाचा राहिला नव्हता. जागा गेली तर मागच्या कोपऱ्यात जावं लागणार होतं, बोअरच्या मोटारीशेजारी, जिथे इमारतीतल्या तुटक्या कुंड्या-खुर्च्यांची अडगळ असते. मला जागा राखायची होती. त्याहून जास्त, मला त्या मधाळ माणसाला सर्वांसमोर खोटं पाडायचं होतं.

गाडीला चारही बाजूंनी कॅमेरे आहेत आणि पहाऱ्याची एक सोय आहे. ती चालू केली की गाडी उभ्या उभ्या जागी राहते. कुणी जवळ आलं की चित्रण करून ठेवते आणि मालकाच्या फोनवर कळवते. गाडी घेताना शोरूममधल्या मुलीने मला याची सगळी माहिती दिली होती. मी तेव्हा सीट मागेपुढे करून पाहत होतो.

पहारा लावला. त्या महिन्यात मी सुखी होतो हे कबूल करायला हवं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये एका कानाने पुढच्या तिमाहीबद्दल ऐकायचं आणि टेबलाखाली फोनवर फाटक बघायचं. पण चित्रणात कुणीही काही वावगं करत नव्हतं. वॉचमन ताठ चालत होता. पहिल्या मजल्यावरची मुलं, जी पूर्वी गाडीवर चेंडू मारत, आता चेंडू हातात धरून शिस्तीत जात होती. एक बाई तर रोज गाडीपाशी येऊन पदर सारखा करायच्या. मी बायकोला म्हटलं, आपल्या इमारतीत किती सभ्य लोक राहतात बघ, एकटा तोच काय तो नालायक. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

पहाऱ्याचा एक तोटा मात्र होता. जागी राहणारी गाडी चार्ज खाते. दिवसभर डोळे उघडे ठेवून ती संध्याकाळी दमलेली असायची. एकदा दोन-चार दिवस वायर लावायची राहून गेली आणि दिलसुखनगरला बायकोच्या चुलतबहिणीकडे जायला निघालो तर पोचण्याइतकाच जोर उरलेला. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या. बायको क्लासच्या जाहिरातीच्या कागदाने वारा घेत बसली. मलकपेटच्या सिग्नलला ती शांतपणे म्हणाली, "अहो, ही गाडी आपल्यासाठी घेतलीय की त्यांच्यासाठी?"

मी म्हटलं, फक्त अवसेपर्यंत.

अवस उजाडली. मी सकाळीच गाडी हातभर पुढे घेतली, फाटकाच्या जवळ, जिथे शिंतोडा चुकणारच नाही. होय, मीच. माझ्या शत्रूचा नेम चुकू नये याची काळजी मी घेत होतो. तिन्हीसांजेला बाल्कनीत उभं राहून सगळं डोळ्यांनी बघायचं ठरवलं होतं, पण नेमका परदेशातल्या क्लायंटचा कॉल आला आणि मला खोलीत बसून मान डोलवावी लागली. मधेच फोन थरथरला. गाडीजवळ हालचाल, चित्रण साठवले. पुन्हा थरथरला. पुन्हा. क्लायंटला वाटलं असेल की त्याचं बोलणं मला फार आवडतंय, कारण मी हसत होतो.

कॉल संपल्याबरोबर खाली धावलो. अंधुक उजेडात बॉनेटवर लाल दिसलं. ताजं. मी ते पुसलं नाही, बोटसुद्धा लावलं नाही. वर येऊन चित्रण उघडलं. पहिल्याच क्षणी दिसलं की गृहस्थ दोन्ही हातांत कोहळा धरून रस्ता सोडून सरळ माझ्या गाडीकडे येत आहेत. तिथेच मी थांबवलं. पुढचं बघितलं नाही. चांगला आंबा एकट्याने उभ्या उभ्या खाऊ नये, तसं मला वाटलं. मला ते सगळ्यांबरोबर बघायचं होतं. त्याचा चेहरा उतरताना शेजारी बसलेलं असायचं होतं.

बैठक अध्यक्षीणबाईंच्या हॉलमध्ये होती. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्या इमारतीला सहावीतला वर्ग समजतात. त्यांचा टीव्ही भिंतभर. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. पेनड्राइव्ह त्यांच्या हातात देताना म्हटलं, मी काही बोलत नाही, तुम्हीच बघा.

टीव्हीवर गृहस्थ आले. कोहळा घेऊन गाडीपाशी उभे राहिले. कापूर पेटवला. आणि कोहळा तीनदा गाडीवरून ओवाळला, हळू, डोळे मिटून, ओठ पुटपुटत. मग वाकून त्यांनी चाकासमोर एक लिंबू ठेवलं. कुंकवात बोट बुडवून बॉनेटवर टिळा लावला, घरच्या मुलीला लावावा तसा. मग कोहळा उचलून ते रस्ता ओलांडून पार पलीकडे गेले, पलीकडच्या भिंतीशी, आणि तिथे फोडला. परत आले. गाडीसमोर हात जोडले. मान थोडी कलली, चेहऱ्यावर मंद हसू. बरोबर कॅमेऱ्याच्या मध्यावर.

हॉलमध्ये कुणीतरी कौतुकाने "अय्यो" म्हणालं.

अध्यक्षीणबाईंनी रिमोट खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "इसमें कंप्लेंट क्या है सार?"

मी उभा राहिलो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. मी म्हणालो की हे नाटक आहे. यांना कॅमेरा चालू आहे हे माहीत होतं, म्हणून हे सगळं केलं. मागच्या अवसेला यांनी असं काहीही केलं नव्हतं.

"हौ, मालूम था," बाई म्हणाल्या. "सबको मालूम था. गाडी के पास गए तो अंदर टीवी पे बडी लाल आँख खुलती ना. नीचे लिखा आता, आपका वीडियो निकल रहा है. महिना हो गया, हम लोग उसके सामने से सीधे चल रहे."

मला आयुष्यात पुष्कळदा खजील व्हावं लागलं आहे, पण इतकं एकसंध कधी नाही. गाडीत मधोमध मोठा पडदा आहे. पहारा चालू असला आणि कुणी जवळ आलं की त्या पडद्यावर डोळा उघडतो, येणाऱ्याला बजावतो. मी कधीच पाहिला नव्हता, कारण माझ्या खिशातल्या फोनने गाडी मला ओळखायची आणि मी जवळ गेलो की पहारा आपोआप बंद व्हायचा. मालक आला की डोळा मिटतो. चित्रणातही तो दिसत नाही, कारण कॅमेरे बाहेर बघतात. म्हणजे इमारतीत ज्याला माझ्या गुप्त पहाऱ्याची खबर नव्हती असा एकच माणूस होता.

मी बायकोकडे पाहिलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, धाक बसावा म्हणूनच लावलाय."

आता हॉलचा नूर बदलला. गाडी आपली आपण चित्रण करते असं लोकांना वाटत होतं. मी वर बसून ते बघत होतो हे त्यांना आत्ता कळलं. पदर सारखा करणाऱ्या बाई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती नजर मी विसरू इच्छितो. कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. आणि तेव्हा, मला वाचवायला, ते उठले. मधाळ आवाज.

"नक्को नक्को, परेशान मत करो इनको. अच्छे आदमी हैं. नई गाडी है, डर गए बिचारे."

त्या 'बिचारे'साठी मी त्यांना कधीही क्षमा करणार नाही. पुढे ते काळजीच्या सुरात म्हणाले की फाटकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची दिष्टी गाडीवर पडते. मागच्या कोपऱ्यात ती सुरक्षित राहील. तिथपर्यंत वायर ओढून नवं सॉकेट बसवून द्यावं, सोसायटीनेच. एवढं मोठं मन पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव मंजूर झाला. विरोधात एकच हात वर होता आणि बायकोने तो खाली ओढला.

गाडी कोपऱ्यात गेली. बोअरची मोटार सुरू झाली की ती थरथरते. पहारा मी हट्टाने आणखी काही दिवस चालू ठेवला; चारी कॅमेऱ्यांतून तीन भिंती आणि एक पाल दिसायची. पाल हलली की मला फोन यायचा.

आणि मग, फाटकाजवळची जागा रिकामी होऊन नीट धुतली जाते न जाते तोच, तिथे एक नवी गाडी येऊन उभी राहिली. पांढरी. इलेक्ट्रिक. माझीच जात, फक्त पुढच्या वर्षीची. माझ्या सॉकेटला तिची वायर. गृहस्थ पेढे वाटत वर आले. म्हणाले, जावयाने अचानक दिली, मला तर काही कल्पनाच नव्हती.

ती गाडी बुक केल्यावर हातात यायला किती महिने थांबावं लागतं, ते मला ठाऊक आहे. मी थांबलो होतो. मी पेढा खाल्ला, चांगला होता, आणि दारातच उभा राहून मागे हिशेब करत गेलो. त्यांच्या अर्जाच्या आधी, पहिल्या शिंतोड्याच्याही आधी कुणीतरी कुठेतरी ती गाडी बुक केलेली होती. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कोहळा नारायणगुड्याच्या बाजारात चांगला मिळतो. आणि चुना जरा ताजा घ्या."

माझ्या संसारातला तो अत्यंत प्रेमाचा क्षण होता.

परवाच्या अवसेला मी ऑफिसातून लवकर आलो. स्वच्छ कपडे घातले, कपाळाला कुंकू लावलं. तिन्हीसांजेला कोहळा घेऊन फाटकापाशी गेलो. अध्यक्षीणबाई पायरीवर बसल्या होत्या, वॉचमन होता, गृहस्थ आपल्या गाडीशेजारी उभे होते. मी त्यांना नमस्कार करून म्हटलं की आता इमारतीच्या सेवेत माझाही हात लागू दे. बाईंना ते फार आवडलं. गृहस्थांना नाही म्हणता येईना.

मी गाडीजवळ गेलो. आत पडद्यावर लाल डोळा उघडला; गृहस्थांचा फोन वर घरीच राहिला असावा. पहिल्यांदाच मी तो पाहत होतो. सुंदर होता.

मी डोळे मिटून तीनदा ओवाळलं, हळू. चाकासमोर लिंबू ठेवलं. मग वाटीत कालवून आणलेल्या कुंकू-चुन्यात चारही बोटं बुडवली आणि बॉनेटवर टिळा लावला. बॉनेट मोठं आहे, टिळाही त्याला शोभेसा हवा. मग दारांवर लावला. मागच्या बाजूला लावला. कोहळा मात्र रस्त्यापलीकडेच फोडला, अगदी त्यांच्यासारखा, एक थेंब इकडे येऊ दिला नाही.

परत आलो तेव्हा गृहस्थ दारावरच्या लाल पट्ट्याकडे बघत होते. खिशातून रुमाल अर्धा निघाला होता. बाई पायरीवरून म्हणाल्या, लगेच पुसू नका, अशुभ असतं, सकाळपर्यंत राहू दे. रुमाल परत खिशात गेला.

"थँक्यू सार," ते म्हणाले. आवाजात मध नव्हता.

"आपसेच सीखा," मी म्हटलं आणि त्यांच्या गाडीच्या त्या उघड्या लाल डोळ्यासमोर, बरोबर मध्यावर उभं राहून हात जोडले, मान थोडी कलती केली आणि ओठ हलवले. मी काय पुटपुटलो ते चित्रणात ऐकू येत नाही. तेवढं मी आधी माहितीपुस्तिकेत बघून घेतलं होतं.