आक्काच्या पडद्यावरची दुपार

आक्का घरच्या कॉम्प्युटरवर जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग भरायची. कधीच गेलेली माणसं तिच्या हातून पुन्हा रंगात यायची. हल्ली मात्र स्टुडिओवाल्याची कुरकुर सुरू झाली होती.

"आक्का, माणसं पाण्यातून काढल्यासारखी निळी दिसतायत," तो फोनवर म्हणाला. "या आजींचा फोटो नीट करून द्या, नाहीतर काम दुसरीकडे द्यावं लागेल मला."

आक्काने फोन ठेवला. हे काम गेलं तर एवढ्या मोठ्या दिवसाचं करायचं काय? आणि तिच्या पडद्यावर तर आजींचे गाल चांगले गुलाबी होते. तिथे सगळंच छान होतं, कायम उतरती दुपार असल्यासारखं. त्या पिवळसर उन्हात बसलं की जेवायची वेळ टळून गेलेलीही कळायची नाही.

तिने स्टुडिओतून छापून आलेला फोटो पडद्याशेजारी धरला. कागदाचा पांढरा पांढराच होता, पडद्यावरचा मात्र सायीसारखा. म्हणजे तो पिवळेपणा मारायला तिचाच हात नकळत निळा ओतत होता. पडद्याच्या रंगाचं सेटिंग बदलायला गेली, तर ते जागचं हलेना. परवानगी नाही म्हणे. आता बोला, स्वतःच्या घरात हिला परवानगी नाही.

तिने धाकट्या भावाला बोलावलं. सेटिंग बघून तो ओशाळलाच.

"मीच केलं होतं गं, आक्का. तुझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून पिवळा केला, आणि तू ऐकणाऱ्यातली नाहीस म्हणून कुलूप लावलं. मग साफ विसरलो."

"मला विचारायचंस तरी."

त्याने स्वतःचा पासवर्ड घालून कुलूप काढलं. पडदा लख्ख झाला, आणि आजी खरंच निळ्या दिसल्या. आक्काला वाईट वाटलं, आजींसाठी आणि त्या दुपारसाठीही. मग ती बाह्या सरसावून बसली आणि गालांवरचा निळा हलक्या हाताने उतरवत गेली. फोटो पाठवल्यावर स्टुडिओवाल्याचा निरोप आला, "आता कशा जिवंत वाटतायत आजी. उद्या पुढचे फोटो पाठवतो."

भाऊ निघाला तेव्हा तिने त्याला थांबवलं.

"ते कुलूप कसं लावतात, दाखव."

"आता कशाला?"

"पासवर्ड माझा असेल. तुला सांगणार नाही."

तो हसला, पण शिकवलं त्याने. तो गेल्यावर आक्काने काम बंद केलं, पडदा हळूहळू पिवळा केला आणि रिकाम्या हातांनी त्या दुपारच्या उन्हात बसून राहिली, या वेळी स्वतःच्या मर्जीने.