एकच फोन चालू ठेवा

शाळेत खिचडी वाढायला नुकतीच सुरुवात झाली होती. पहिलीच्या पोरांची रांग नेहमीसारखी मागेपुढे ढकलली जात होती, मी पातेल्यापाशी डाव घेऊन उभी होते, आणि पर्समधला फोन वाजला. यांचा होता. "आक्का गेली," एवढंच म्हणाले; बाकीचं मला मागाहून कळलं. डायलिसिसला जायचं म्हणून आक्का चप्पल घालून, पिशवी मांडीवर घेऊन दारातल्या खुर्चीत रिक्षाची वाट बघत बसल्या होत्या. रिक्षा आली, रिक्षावाल्याने दोन हाका मारल्या... त्या उठल्या नाहीत. मी फोन ठेवते न ठेवते तोच आमच्या गाण्याच्या ग्रुपवर मेसेज आला. सुरतेच्या एका ताईंनी विचारलं होतं, "आज लाईव्ह किती वाजता?" पाठोपाठ आणखी तिघांनी तेच विचारलं. पाच वाजता लाईव्ह आहे असं आदल्या दिवशी आक्कांनीच कळवून ठेवलं होतं, पण विसरून पुन्हा विचारायची आमच्या लोकांना सवय.  मी लिहिलं, "शोभाआक्का आज गेल्या." पाठवलं, आणि समोरच्या ताटात खिचडी वाढली, कारण ती पोरगी ताट पुढे करून उभी होती.

शोभाआक्का म्हणजे माझी थोरली नणंद. मंचरला स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. एक मशीन, एक आरसा आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं. शिक्षण सातवीपर्यंत, माणूस मात्र असा की कुठल्याही वस्तूला घाबरणं ठाऊकच नाही. आणि वेड एकच, लीलामावशींच्या गाण्याचं. आमच्या भागातल्या जयंतीच्या कार्यक्रमांत एके काळी लीलामावशींच्या भीमगीतांशिवाय मंडप भरत नसे. लहानपणी अवसरीहून मंचरला चालत जाऊन आक्कांनी त्यांना ऐकलं होतं, आणि पहिल्या रांगेत बसायला मिळावं म्हणून दुपारपासून सतरंजीवर ठाण मांडलं होतं. त्याची गोष्ट सांगताना साठीच्या उंबरठ्यावरही त्यांचे डोळे लकाकायचे. पुढे डीजे आले, गायन पार्ट्या मागे पडल्या. मावशींचे ढोलकी वाजवणारे यजमान वारले आणि त्यांनी पेटीला जे झाकण लावलं ते काढलंच नाही. वारूळवाडीत सुनेच्या घरी त्या राहत होत्या, शेंगा फोडत, नातवंडं सांभाळत.

दोन वर्षांपूर्वी आक्का त्यांच्याकडे मापाला गेल्या. मावशींच्या सुनेला चार ब्लाऊज शिवायचे होते. माप घेताना आतल्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं, आणि आक्कांच्या हातातला टेप तिथेच थांबला. त्या तशाच टेप गळ्यात टाकून आत गेल्या.

"मावशी, गावा की हो."

"कोन ऐकतंय आता?"

"मी ऐकते. आनि ह्यात हायती ती समदी," म्हणत आक्कांनी फोन दाखवला. "गाव सोडून गेलेली. सुरतेला, मुंबईला, कुठं कुठं. त्यास्नी कोन इथनं गाडी पाठवनारे? गानं तरी पाठवू."

मावशींनी हात झटकला. पण आक्का कुणाच्या एका नकाराने परतणाऱ्यातल्या नव्हत्या. चार ब्लाऊजसाठी त्या वारूळवाडीच्या सात फेऱ्या करून आल्या. कधी हूक लावायचे राहिले, कधी बाही सैल झाली. सातव्या फेरीला मावशी सुनेला म्हणाल्या, "हिचं ऐकल्याबिगर तुजी कापडं काय अंगाला येत न्हाईत बघ."

पहिलं लाईव्ह झालं ते आक्कांच्या दुकानात, रविवारी दुपारी. मावशी बाकड्यावर, समोर स्टुलावर पेटी. ढोलकीला अवसरीचे एक काका. आक्कांनी मशीनच्या दिव्याच्या वाकड्या नळीला अस्तराच्या कापडाची पट्टी बांधून त्यात फोन अडकवला होता आणि स्वतः दाराशी उभ्या राहून गल्लीतल्या मोटरसायकलवाल्यांना हाताने गप्प करत होत्या. मावशींनी पहिला सूर लावला. आवाज थोडा चिरकला, मग सापडला, आणि असा सापडला की माझ्या अंगावर काटा आला. मावशी रंगात आल्या होत्या. दुसरं गाणं संपता संपता मी माझ्या फोनवर बघितलं. पडद्यावर पंखा. फक्त पंखा, गरागरा फिरणारा! नळी केव्हाच वर वळली होती. खाली लोक लिहीत होते, "आवाज लई भारी, पण गायिका कुठंय?" "पंख्याला जयभीम सांगा." मी घाबरून आक्कांना दाखवलं. मला वाटलं त्या आता रडतील. आक्का तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की मावशींनी गाणं थांबवून विचारलं, "काय झालं गं?" त्या पंख्यामुळेच आमचा ग्रुप वाढला, असं आक्का शेवटपर्यंत म्हणायच्या. लोकांनी तो एकमेकांना पाठवला आणि आवाज ऐकून थांबले.

मग दर पंधरा दिवसांनी लाईव्ह ठरून गेलं. त्यात ऐकणाऱ्यांची एक वेगळीच टोळी सामील झाली. हिराबाई नावाच्या आक्कांच्या एक गिऱ्हाईक होत्या. डिंभे धरणाच्या पलीकडे, पश्चिमेच्या डोंगरात त्यांचं गाव, भाताची खाचरं, थोडी नाचणी. हिरडा विकायला मंचरला आल्या की दुकानात टेकायच्या. एकदा त्या आल्या तेव्हा नेमकं लाईव्ह चालू होतं. मावशी बाळाच्या पाळण्याचं गाणं गात होत्या. हिराबाई हिरड्याचं रिकामं पोतं मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसल्या, घरी जायची गाडी चुकली तरी उठल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "आमच्याकडं घरात रेंज न्हाई. पन खाचराच्या वर टेप हाय, उंच टेकाड, तिथं येती. सुनंचा फोन घिऊन आमी बाया तिथं बसू." आणि खरंच बसल्या. पुढच्या लाईव्हला हिराबाईंच्या सुनेने शेजारच्या पोराच्या फोनने फोटो काढून पाठवला. टेपावर खडकाला टेकवलेला एक फोन आणि त्याच्याभोवती कोंडाळं करून बसलेल्या सात-आठ बायका, डोक्यावर पावसाची इरली. आक्का तो फोटो दुकानात येईल त्याला दाखवत होत्या. "बग, आपलं गानं डोंगर चढलं!"

ह्या सगळ्यात आक्कांच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या, हे मी मुद्दाम ओझरतंच सांगते आहे, कारण त्याही तसंच करायच्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. चार तास एका बाजूला पडून राहायचं, सुया टोचलेला हात हलवायचा नाही. परत आल्या की विचारलं तर म्हणायच्या, "काय न्हाई, मशीनच हाय. माजी कापड शिवती, ही रगत धुती." आणि लगेच पुढच्या लाईव्हचं बोलणं.

बुद्धपौर्णिमेला अवसरीच्या समाजमंदिरात मावशींचा कार्यक्रम ठरला. कित्येक वर्षांनी समोर माणसं बसवून, पूर्ण कार्यक्रम, सकाळी दहा वाजता. आक्कांनी महिनाभर त्याचा ध्यास घेतला. मावशींसाठी पांढरं ब्लाऊज शिवलं, फोन कुठे लावायचा त्याची दोनदा जाऊन पाहणी केली, ग्रुपवर रोज आठवण. आणि नेमकं त्या सकाळी त्यांना धाप लागली. पाय सुजलेले, बोलताना श्वास पुरेना. डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता या, उद्यावर ढकलायचं नाही. आक्का आधी भांडल्या. मग एकदम शांत झाल्या आणि मला फोन केला.

"सुनीता, आज तू करायचं."

"मला नाही जमणार आक्का. मी फक्त बाजूला उभी राहते, तुम्हाला माहिती आहे."

"मग आज बाजूची मदी ये. मी हाय की कानात."

असं ते सुरू झालं. एका फोनवर लाईव्ह, दुसऱ्या फोनवर कानात आक्का, डायलिसिसच्या पलंगावरून. सुया डाव्या हातात, फोन उजव्या हातात. त्या लाईव्ह बघून सांगत होत्या, "जरा उजवीकडं. मावशीचं डोकं कापलंय. हां, बास." समाजमंदिर गच्च भरलेलं. बाया दाराबाहेर उन्हात बसलेल्या. मावशी पांढऱ्या ब्लाऊजात, पांढऱ्या लुगड्यात. त्यांनी वंदना म्हटली, पहिलं गाणं घेतलं, लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला... आणि लाईट गेली. माईक बंद, पंखे बंद. मावशी तशाच उघड्या आवाजात गाऊ लागल्या. काय सांगू! सगळं मंदिर त्यांच्याकडे झुकलं. आणि जो तो खिशातून फोन काढून चित्रीकरण करू लागला, जागेवरून पाठवू लागला. आमच्या लाईव्हचं चित्र अडकलं. मावशींचं तोंड उघडं राहिलेलं, आवाज तुटलेला. खाली मेसेज येऊ लागले, "दिसत नाही." "गेलं का?" टेपावरच्या बायकांचाही आला.

"आक्का, रेंज जाम झाली. सगळे फोन लावून बसलेत."

पलीकडे मशीनचा टीं टीं आवाज. मग आक्कांचा, दमलेला पण ठाम. "समद्यास्नी सांग, फोन बंद करा. एकच फोन चालू ठिवा. आनि मावशीच्या पायाशी जाऊन बस, म्हंजी आवाज घावंल."

"मी सांगू? एवढ्या लोकांत?"

"तू मास्तरीन हायस न्हवं? वर्गात सांगतीस तसं सांग. आनि ऐक... आता माजा बी फोन ठिव. त्याची बी रेंज लागती." आणि त्यांनीच फोन कट केला.

मी आयुष्यात कधी स्टेजवर चढले नव्हते. शाळेतल्या झेंडावंदनालाही मी मागच्या रांगेत उभी राहते. त्या दिवशी गाणं संपताच चढले.  म्हणाले, "जयभीम. माझी नणंद शोभाआक्का आत्ता डायलिसिसवर आहे. तिच्या वॉर्डातले पेशंट हे गाणं ऐकतायत. डोंगरातल्या बाया ऐकतायत, गाव सोडून गेलेली आपली माणसं ऐकतायत. सगळ्यांनी फोन चालू ठेवले तर त्यांना काहीच ऐकू जाणार नाही. थोडा वेळ आपापले फोन बंद करा. एकच चालू राहू द्या." कमिटीतले एक जण काही बोलायला उठले होते. पण त्याआधी पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने आपला बटणांचा फोन डोक्यावर धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि बंद केला. मग खिशातून, पर्समधून, कमरेच्या पिशवीतून फोन निघू लागले आणि एकेक पडदा काळा होत गेला. मी मावशींच्या पायाशी बसले, फोन पेटीला टेकवून धरला. चित्र हललं. अडकलेलं तोंड मिटलं. लाईव्ह परत सुरू झालं!

मावशी खाली वाकून मला म्हणाल्या, "शोभा ऐकती का?" तेवढ्यात आक्कांनी एका हाताने टाईप केलेलं दिसलं. अक्षरं चुकलेली, पण अर्थ लागला. मी मोठ्याने वाचलं, "ऐकतोय. आख्खा वार्ड. सिस्टरनी टीवी बंद केला. शेजारच्या काकांना पाळण्याचं पाहिजे." सगळं समाजमंदिर हसलं आणि टाळ्या वाजल्या. मावशींनी पाळण्याचं गाणं घेतलं. भर उन्हात, लाईट नसताना, घामाने चिंब झालेल्या त्या गर्दीत एका आजारी म्हाताऱ्यासाठी अंगाई चालली होती आणि माणसं मान डोलवत होती. माझा हात भरून आला होता, फोन तापून चटका देत होता, तरी तो खाली ठेवावा असं मला वाटलं नाही. पुढे लाईट आली तर लोकांनीच ओरडून सांगितलं, माईक नको.

संध्याकाळी मी आक्कांकडे गेले. पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, पण बोलणं थांबेना. कुठली सिस्टर रडली, कुणाचं बीपी गाण्याने खाली आलं (हे मी खरं धरलं नाही), शेजारच्या काकांनी पुढच्या लाईव्हची वेळ विचारून घेतली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू उभी ऱ्हायलीस तवा मला दिसत न्हवतं गं. चित्र अडकलेलं. पन नंतर आवाज आला तवा कळलं, बाई बोलली." त्यानंतर जेमतेम सहा आठवडे त्या होत्या. तेवढ्यात दोन लाईव्ह झाली. दोन्ही मी केली, त्या शेजारी बसून फक्त चुका काढत होत्या.

आक्कांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला हिराबाई आल्या होत्या, नाचणीचं पीठ घेऊन. दुकान आवरताना आक्कांचा फोन हाती लागला. ब्लाऊजच्या उरलेल्या तुकड्यांचं, बारीक टाक्यांनी शिवलेलं त्याचं कव्हर, आत मापाची एक चिठ्ठी घडी करून ठेवलेली. हे म्हणाले, हिराबाईंना देऊ. त्यांना स्वतःचा फोन नाही, सुनेचा मागावा लागतो. हिराबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, पोटाशी धरला आणि एसटीत बसल्या.

गेल्या रविवारी वारूळवाडीला मावशींच्या ओसरीवर आम्ही पुन्हा लाईव्ह केलं. मी बटण दाबलं आणि बघायला जोडलेल्यांत सगळ्यात आधी पडद्यावर नाव आलं, 'शोभा टेलर्स, मंचर'.  फोनवरचं नाव बदलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मावशींनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय गं?"

"आक्कांचा फोन लागलाय मावशी. हिराबाई टेपावर बसल्यात. बरोबर बऱ्याच जणी आहेत."

मावशींनी पेटीचा भाता उघडला. थोडा वेळ पश्चिमेकडे, डोंगरांच्या दिशेला बघितलं.

"लांब हाय," त्या म्हणाल्या. "मग आज जरा मोठ्यानं गाते."