भोंग्यातला कापूस

"चालकाने इशाऱ्याच्या भोंग्यात जाणूनबुजून कापूस कोंबला." चौकशीच्या कागदावरची ही ओळ मला तोंडपाठ आहे. तिच्यामुळे बाबांच्या हातून ट्रकचं स्टिअरिंग गेलं.

कापूस कोंबला होता, हे खरं. टक्कर टाळायचं ते यंत्र रस्त्याकडेच्या बकरीला जेवढं ओरडायचं, तेवढंच समोरून येणाऱ्या ट्रकलाही. बाबांनी उशीतला कापूस काढून त्याचं तोंड बंद केलं आणि एका संध्याकाळी बिनदिव्याच्या ट्रॉलीवर ट्रक आदळला. कोणी मेलं नाही. चूक बाबांची होतीच, पण एकट्या बाबांची नव्हती.

मी मोर्च्यांची पत्रकं वाटत मोठी झाले. अन्याय झाला की करणाऱ्याचं दार ठोठावायचं, एवढं त्यातून कळलं होतं. म्हणून ही यंत्रं आखणाऱ्या नागपूरच्या कार्यालयातच नोकरी धरली. ड्रायव्हरसमोर कोणता दिवा लागावा, कोणता आवाज यावा, हे ठरवायचं माझं काम. ती ओळ लिहिणारे साहेब माझे वरिष्ठ.

वर्षभर मी साहेबांना सांगत राहिले, बकरीला एक आवाज द्या, ट्रकला दुसरा. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "ड्रायव्हरला शिस्त नको का?"

मग यंत्राची रस्त्यावर चाचणी ठरली, तेव्हा रस्ता मी निवडला. पांढुर्णा ते सौंसर, बाजाराच्या दिवशी. भोंग्याजवळची सीट साहेबांना दिली. मागच्या बर्थवर बाबांना बसवलं.

गाव सुटायच्या आतच साहेब ओरडले, "अरे, बंद कर हे!"

"बंद होत नाही साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्याच ऑफिसनं बटन नाही ठेवलं."

बाबांनी संत्रं पुढे केलं. "काहून साहेब, आत्ताच थकून राहिले? मी त रोज आयकत होतो."

बोरगावच्या अलीकडे साहेबांनी रुमालाची घडी केली आणि भोंग्याच्या जाळीवर दाबून धरली. मी फोटो काढला.

"रुमालानं नाही होत साहेब," बाबा म्हणाले. "कापूसच लागते."

"तो फोटो डिलीट कर," साहेब माझ्यावर खेकसले.

"आधी ती ओळ खोडा. मग बोलू."

सौंसरच्या चहाटपरीवर बसून त्यांनी नवा अहवाल लिहिला: भोंगा सहन होण्यासारखा नाही, दोष आखणीचा. मी एकेक शब्द वाचून घेतला. बाबा पुन्हा ट्रक चालवतात.

त्या फोटोबद्दल साहेब आणि मी कधीच बोललो नाही. नव्या भोंग्याच्या आराखड्यात तो पहिल्याच पानावर लावला. खाली साहेबांचं नाव टाकलं नाही, हुद्दा टाकला.