मोगऱ्याच्या वेणीसाठी तीन बाटल्या

आमच्याकडे लग्नात नवरीच्या पाठीवर मोगऱ्याच्या कळ्यांची लांब वेणी बांधतात. कानडीत तिला मोग्गिन जडे म्हणतात. ती नुसती लटकत नाही, तिच्याखाली नवरीच्या स्वतःच्या केसांची जाड वेणी लागते. लहानपणी धाकट्या मावशीच्या लग्नात ती पाहिली तेव्हापासून मला दागिन्यांपेक्षा तिचंच वेड. नवरा कसा का असेना, वेणी झकास हवी, असं मी म्हणायचे आणि आईची टपली खायचे.

लग्न ठरलं आणि पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. बरी होऊन शाळेत शिकवायला रुजू झाले, तर दिवाळीच्या सुमारास केस गळायला लागले. फणीत, उशीवर, वर्गातल्या खुर्चीवर, भाकरीच्या पिठातसुद्धा. अप्पा ताटातला केस उचलून बाजूला ठेवायचे आणि जेवत राहायचे. ओरडले असते तर बरं, असं वाटायचं.

मग आईचं माहेर कामाला लागलं. उदगीरच्या मावशीनं केसांच्या व्हिटॅमिन गोळ्यांची बाटली बसच्या कंडक्टरकडे देऊन पाठवली. कलबुर्गीचा मामा दुसरी घेऊन स्वतःच आला. तिसरी आमच्या भालकीतल्याच मेडिकलवाल्यानं आईच्या गळ्यात मारली. मावशीची घ्यावी तर मामा रुसणार, मामाची घ्यावी तर मावशी. माहेरून आलेली वस्तू आमच्याकडे परत करत नाहीत, पडूनही ठेवत नाहीत.

आईनं तोडगा काढला. "तिन्ही घे. व्हिटॅमिनच हाय, जहर न्हाई."

घेतल्या. रोज संध्याकाळी मावशीचा फोन यायचा, "घ्यायलीस न्हव बाळा?" केस आणखीच गळायला लागले, तर आई म्हणाली, गुण यायला वेळ लागतो.

लग्न जवळ आलं तेव्हा कळ्या गुंफणारी अक्का माप घ्यायला आली. तिनं माझी वेणी मुठीत धरली, सोडली, पुन्हा धरली. "गंगावन आणून ठेवा," ती आईला म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी न्हाणीत जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या आणि कुणाला न विचारता बिदरची बस धरली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतात. अंगात काही कमी असेल तरच अशा गोळीचा उपयोग. तुमच्यात काहीच कमी नाही." मग त्यांनी बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली. तिन्हींत तोच माल, आणि ए व्हिटॅमिन भरपूर. "हे जास्त झालं तरी केस गळतात. सगळं बंद करा."

बसमध्ये मी इतकी चिडले होते की भालकीचा स्टँड आलेला कळला नाही. केस वाचवायला म्हणून मी इमानेइतबारे केस घालवत होते!

लग्न गंगावनावर, म्हणजे उसन्या केसांवर उरकलं. कळ्यांचं वजन त्याला पेललं नाही. अक्षता पडायच्या आत वेणी कलली, आणि पुढचे सगळे विधी मी एक हात मागे धरून बसले. फोटोत नवरी पाठ खाजवतेय असं दिसतं.

गोळ्या बंद केल्या आणि हळूहळू केस परत आले. परवा मावशी आली होती. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "बघ, आमच्या गोळ्याचा गुण!"

"मावशी, त्या बंद केल्यावर केस आलेत."

"मग आधी घेतलेल्याचाच गुण असंल की."

आणि लगेच तिनं तिच्या उदगीरच्या मेडिकलवाल्याला फोन लावला. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. पोरगी नुकतीच टायफॉइडमधून उठलीय, केस गळायलेत. मी मावशीच्या हातातून फोन ओढला आणि बंद केला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं, आणि मग तोंड वाकडं करून म्हणाली, "तुझी वेणी झाली. आता माझ्या पोरीची कामून होऊ देईनास?"

माझी वेणी झाली म्हणे!